एगर हा मासा नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातील एगरच्या जीवाश्माच्या छायाचित्राखाली ‘प्राचीन मासा’ असे छापले असून तो नुकताच सापडल्याचेही म्हटले आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. एगर हा कोळंबीच्या गटातला, आज लुप्त झालेला कवचधारी प्राणी असून त्या प्रजातीला जर्मन जीवाश्मतज्ज्ञ मुन्स्टर यांनी १८३९ मध्येच नाव दिले. जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडीत त्याचे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे सुरेख नमुने मिळतात. आपल्याकडच्या पारसिकच्या डोंगरात मात्र मुलांनी ते शोधू नयेत. तिथला काळा दगड लाव्हा थिजून झालेला आहे.

काही वर्षांपूर्वी भाच्याने आणलेली, एगरचा जीवाश्म असलेली चुनखडीची पाटी मी नवी मुंबईतील एका शाळेला प्रदर्शनासाठी दिली होती. शरीर बोटभर, मिशा त्याहून लांब आणि तोंडाजवळचे काटेरी अवयव तर भिंगाशिवाय दिसावेत इतके स्पष्ट होते. परत आणायला गेलो तेव्हा पाटी पांढरीफटक झाली होती. डाग निघेनात म्हणून फरशीच्या ॲसिडने घासल्याचे मला सांगण्यात आले. ॲसिड पडताच चुनखडी फसफसून विरघळते. मिशा आणि काटे गेले होते, पोटाचा बाक तेवढा उरला होता. साफसफाई करणाऱ्या मावशींना मी दोष देत नाही, कारण माझी सविस्तर चिठ्ठी कपाटातच राहिली होती आणि पाटीशेजारी ‘दगडातील मासा’ एवढेच लिहिले होते. ती पाटी आजही माझ्या टेबलावर आहे. काल तीच चूक आपल्या पानावर वाचून फार वाईट वाटले.

बाजारात आपण कोळंबीलाही मासळी म्हणतो, ते व्यवहारापुरते ठीक आहे. विज्ञानाच्या पानावर ते चालू नये. टायगर कोळंबी सोलण्यापूर्वी कोणीही पाहावे, चालण्याच्या पायांच्या पाच जोड्यांपैकी पुढच्या तिन्हींना बारीक चिमटे असतात, आणि एगरलाही ते तसेच होते. ऐरोली-दिवाळ्याच्या कोळीवाड्यांतल्या मुलांना हे घरच्या ताटावरून समजावता आले असते.

कृपया दुरुस्ती छापावी आणि सोबतचे छायाचित्र मिशा दिसतील इतके मोठे द्यावे.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, ऐरोली