सुभेदार काका, तुमचे आभार

आदरणीय सुभेदार काकांना,
सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही हात वर करता, "ताई, ते राहू द्या, काडतुसं मोजली का?" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानात, तुम्ही मला पिस्तूल चालवायला शिकवलंत, त्याबद्दल हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

हे गेल्या वर्षाच्या आधीचं आहे. हैदराबाद रस्त्यावरचा पेट्रोल पंप माझ्या अंगावर येऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. दिवसाची रोकड घेऊन जुळे सोलापूरला घरी येताना एका मोटारसायकलनं दोनदा माझ्या गाडीचा माग काढला. दोन्ही वेळा काही झालं नाही, पण त्यानंतर झोप उडाली ती उडालीच. पोलीस आयुक्तालयात परवान्याचा अर्ज करायचं ठरलं, तेव्हा घरात एकच सूर होता, "बाईमाणसाला पिस्तूल कशाला?" तुमचा प्रश्न मात्र वेगळा होता. "चालवायला शिकायची तयारी आहे का? असेल तर अर्ज करा, नसेल तर पैसे बँकेच्या गाडीला द्या आणि रोकड त्यांनाच नेऊ द्या." काका, त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणीतरी माणूस म्हणून प्रश्न विचारला. बँकेची गाडी मी तेव्हाच सुरू केली. तरी अर्ज मागे घेतला नाही, आणि तुम्हीही त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जासोबत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तो मिळवला की झालं, असं बरेच जण समजतात. मीही तसंच समजत होते. दाखला, पोलीस चौकशी, परवाना, मग दुकान. दुकानात मी पॉइंट ३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) सगळ्यात हलकं पिस्तूल उचललं. दुकानदार म्हणाला, "तुमच्यासाठी हेच बरं, पर्समध्ये कळणारसुद्धा नाही." मी त्यावर विश्वास ठेवला. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर रिकामं पिस्तूल अर्ध्या किलोपेक्षा जरासंच जास्त भरलं. मी खूश झाले. तुम्हाला फोन करून वजन सांगितलं, तेव्हा तुम्ही फक्त "रविवारी सकाळी या, पोटभर खाऊन या" एवढंच म्हणालात.

तो रविवार गड्ड्याच्या यात्रेनंतरचा पहिला. लहानपणी गड्ड्यात छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडून मी दोनदा बक्षीस आणलं होतं. मनात कुठंतरी तीच खात्री होती की नेम आपल्या हातात आहे.

तुम्ही पिस्तुलाला हात लावूच दिला नाहीत. आधी ओढणी कमरेला घट्ट बांधायला लावली, मग कुडत्याचं गळ्यापर्यंतचं बटण. झाडलेल्या काडतुसाचं तापलेलं रिकामं टरफल उडून गळ्यात गेलं की माणूस दचकून पिस्तुलासकट वळतो, म्हणून. मग कानांवर आवाज अडवणारे मफ, डोळ्यांवर चष्मा. टेबलावर तुम्ही घरची जुनी सोलापुरी चादर घडी करून ठेवली होती आणि तिच्यावर पिस्तूल, स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) बाहेर, नळी लक्ष्याकडे. "इथून पुढं हे कधीही दुसरीकडे बघणार नाही," म्हणालात. ती चादर अजून डोळ्यांसमोर आहे.

स्लाइड ओढायला गेले आणि ती हलेचना. दोन बोटांच्या चिमटीत धरून जीव खाऊन ओढली, तरी अर्ध्यावर अडकली. मला लाज वाटली. तुम्ही म्हणालात, यात तुमच्या ताकदीचा दोष नाही. या जातीच्या पिस्तुलात स्लाइडला कुलूप नसतं. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत ती मागे येऊ नये, हे काम फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग मिळून करतात. स्लाइड हलकी केली की स्प्रिंग कडक करावी लागते. मग तुम्ही रीत दाखवलीत. डावा पंजा वरून स्लाइडवर घट्ट आवळायचा, कोपर अंगाजवळ ठेवायचं आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढं ढकलायचं. पहिल्याच प्रयत्नात झालं. हात हलत नव्हता तिथं अख्खं शरीर कामाला आलं.

मॅगझिन भरायलाही शिकवावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. पॉइंट ३२ चं हे काडतूस जॉन ब्राउनिंगचं, १८९९ सालचं, युरोपात त्याला ७.६५ ब्राउनिंग म्हणतात. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की मॅगझिन जाम होतं, आणि तेही बोटांनी सहज सुटेल असं नव्हे. प्रत्येक काडतूस भरताना वरची कड खालच्या कडेच्या पुढं आली आहे ना, ते तुम्ही मला डोळ्यांनी बघायला लावलंत. सात काडतुसं भरायला मला चार मिनिटं लागली. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत.

मग सात मीटरवरचा कागद. पहिली गोळी गेली आणि मला कागद दिसलाच नाही. इतका झटका! साडेचार-पाच ग्रॅमची गोळी, तिचा एवढा धक्का? पिस्तुलाची मूठ एवढी आखूड की करंगळीला जागाच नव्हती, ती हवेत लोंबकळत होती. तिसऱ्या गोळीला टरफल स्लाइडमध्ये उभं अडकलं. मी घाबरून पिस्तूल तुमच्याकडे वळवणार, तोच तुमचा हात माझ्या मनगटावर आला आणि नळी होती तिथंच राहिली. तुम्ही ओरडला नाहीत. शांतपणे म्हणालात, "बोट बाहेर. मॅगझिन काढा. स्लाइड दोनदा ओढा. आता चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, आणि करंगळीनंही." चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा. त्या एका क्षणात काय होऊ शकलं असतं, ते मला रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं. काका, या पत्रात दुसरं काहीही नसतं, तरी त्या हाताबद्दल हे लिहिलंच असतं.

पिस्तूल बिघडलेलं आहे असं मला वाटलं. तुम्ही सांगितलंत की पिस्तूल ठीक आहे, मनगट ढिलं पडलं. स्लाइडला मागे जाताना टेकायला घट्ट हात लागतो. हातच तिच्याबरोबर मागे गेला तर तिचा प्रवास अपुरा राहतो आणि टरफल बाहेर पडत नाही. जड पिस्तुलाचं स्वतःचं वजन ही चूक थोडी झाकतं, हलक्याला ते जमत नाही. मग रेंजवरचं जुनं पोलादी पिस्तूल हातात दिलंत. बोअर तेच, काडतूस तेच, वजन जवळजवळ दीडपट. पाच गोळ्या मारल्या आणि दुकानात मी नेमकं काय विकत घेतलं ते कळलं. खांद्यावरचं ओझं वाचवलं होतं, ते सगळं पंजात आलं होतं.

माझ्या पहिल्या सात गोळ्यांपैकी दोन कागदाबाहेर, उरलेल्या सगळ्या खाली डावीकडे. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, वाकडी असेल, असं मी म्हणाले. तुम्ही काही न बोलता पाठ फिरवून मॅगझिन भरलंत. दोन गोळ्या गेल्या. तिसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं "टक्". मध्ये तुम्ही ड्रिलचं बिनदारूचं काडतूस घातलं होतं. धक्का नाही, आवाज नाही, आणि तरीही माझी नळी सरळ खाली गेली, दोन बोटं तरी. येणाऱ्या धक्क्याला माझा हात आधीच उत्तर देत होता. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कुणी शंभर वेळा सांगितलं असतं तरी मानलं नसतं.

त्यात या आखूड पिस्तुलाच्या दोन साइटमध्ये जेमतेम बारा सेंटिमीटरचं अंतर. पुढची साइट एक मिलिमीटर इकडं तिकडं झाली की दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर सरकते. तुम्ही हे काडेपेटीच्या काडीनं मातीत रेघा ओढून दाखवलंत. मी वाणिज्य शाखेची, पण हा हिशोब पक्का डोक्यात बसला.

एकूण वीस काडतुसं झाल्यावर तुम्ही थांबवलंत. मला अजून मारायची होती. शेवटच्या पाच गोळ्या एका भाकरीत बसतील इतक्या जवळ आल्या होत्या आणि मी हरखले होते. "हात दमला की चुकाच पक्क्या होतात," म्हणालात. मग थर्मासमधला चहा प्यायच्या आधी थंड पाण्यानं, साबणानं हात-तोंड धुवायला लावलंत, कारण गोळीतलं शिसं बोटांवर बसलेलं असतं.

दुकानदाराचं ते "पर्समध्ये कळणारसुद्धा नाही" मी तुम्हाला सांगितलं, तेव्हाच काय तो तुमचा चेहरा कडक झाला. किल्ल्या, पेन, मोबाइल यांच्या गर्दीत उघडा चाप नको. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, हवं आणि त्या कप्प्यात दुसरं काही नको. आणि सलग पाच रविवार चाप ओढताना हात खाली गेला नाही, तरच पिस्तूल तिजोरीबाहेर. मी तो शब्द पाळते आहे. रोज रात्री काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासून, स्लाइडच्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवते आणि भिंतीकडे चाप ओढते. पहिल्या आठवड्यात नाणं दर वेळी पडायचं. काल दहापैकी सात वेळा टिकलं.

पिस्तूल बदलायचं का, असं घरी विचारतात. नाही बदलणार. ते अवघड आहे, पण का अवघड आहे ते आता मला माहीत आहे.

फी तुम्ही घेतली नाहीत, शालही परत पाठवलीत. शेंगांच्या चटणीचा डबा काल सूनबाईंकडे ठेवून आले आहे, उखळात कुटलेली आहे, लसूण तुम्हाला चालतो तेवढाच. तो परत पाठवू नका. रविवारी सहाला रेंजवर येते, वीस काडतुसं मोजून.

तुमची विद्यार्थिनी,
पंपावरची ताई
सोलापूर