वणव्याचा संदेश ग्रामसभेलाही पाठवा

मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आपल्या मंत्रालयाखाली येते. २००४ पासून ती उपग्रहांवरून देशभरातले वणवे टिपते. पूर्वी नकाशावरचा एक ठिपका म्हणजे एक चौरस किलोमीटर असायचा, आता तो ३७५ मीटरवर आला आहे. कुठं उष्णता दिसली की नोंदणी केलेल्या मोबाईलवर संदेश जातो, अगदी नियतक्षेत्राच्या वनरक्षकापर्यंत. या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. मागणी एकच आहे: हा संदेश जंगलाला लागून असलेल्या ग्रामसभेलाही यावा, आणि तिला समजेल अशा शब्दांत यावा.

नोंदणी तशी कोणालाही करता येते. पण आमच्या भागात हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि ते सांगायला गावात कोणी आलेलं नाही. शिवाय संदेशात जागा सांगितलेली असते ती अक्षांश-रेखांशात. ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे जवळपास ३५ एकर. डोंगराळ भागात एवढ्या जागेत एक नाला आणि दोन उतार सहज बसतात. आग नाल्याच्या अलीकडं आहे की पलीकडं, यावर माणसं कुठून चढवायची ते ठरतं. गावातली माणसं जंगल ओळखतात ते नाल्याच्या, देवाच्या पहाडीच्या, जुन्या मोहाच्या नावानं. ही नावं अनेक गावांनी सामूहिक वनहक्काचे दावे करताना नकाशांवर लिहून दिलेली आहेत. ती आपल्या नकाशाला जोडायचं काम तेवढं बाकी आहे.

वणव्यापाशी आधी पोचतात ते गावचे लोक आणि हंगामी वनमजूर. फाल्गुनात सागाचा पाला पडून वाळलेला असतो. आग त्यातून जमिनीलगत सरकते, कुठं घोट्याएवढी, कुठं गुडघ्याएवढी, आणि बांबूच्या बेटात शिरली की पेर फुटल्याचे आवाज गावापर्यंत ऐकू येतात. तेव्हा पोरं हिरव्या डहाळ्या तोडून रांगेनं आग झोडपतात, बाया पुढं जाऊन पाला ओढतात आणि पट्टा मोकळा करतात. वारा कधी फिरेल याचा भरवसा नसतो. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी मजुरांचा जीव गेला. आग कुठून कुठं सरकते आहे हे पुढच्या माणसाला कळणं ही सोय नाही, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

उपग्रहाची मर्यादाही आम्हाला समजते. हे ३७५ मीटरवाले उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे जातात. सायंकाळी लागलेली आग त्यांना मध्यरात्रीनंतर दिसते, आणि वावरातून घरी येणाऱ्या माणसाला दिवे लागायच्या आत. त्यामुळे संदेश दोन्ही बाजूंनी चालले पाहिजेत. गावानं आग कळवली, तर तीही नोंद त्याच नकाशावर चढावी.

दुसरं, कारणांचं. आमच्याकडे बहुतेक वणवे माणसानंच लावलेले असतात, हे आम्ही लपवत नाही. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तो पसरतो. तेंदूला नवी पालवी चांगली येते म्हणून आग लावणारेही आहेत. १९२७ च्या वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, पण रात्री पहाडीवर कोणी काडी ओढली हे पकडणार कोण? जिथं ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करते, तिथं ती गावबैठकीत आगीवर बंदी घालू शकते, मोहाखाली खराट्यानं झाडायचं किंवा जुनी लुगडी अंथरायची असं ठरवू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाच आहे. तिच्या हद्दीत गेल्या चार-पाच वर्षांत नेमकं कुठं पुन्हा पुन्हा जळलं, याचा नकाशा दर पावसाळ्याआधी तिला छापून द्या. तो भिंतीवर लागला की त्या मोहाचा मालक कोण हे गावाला विचारावं लागणार नाही. त्याच्याशी बोलायचं कसं, हेही गावालाच जमतं.

महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानतात. त्याआधी २६ जानेवारीची ग्रामसभा येते. त्या दिवशी वनरक्षकानं येऊन प्रत्येक गावातले चार-पाच मोबाईल नंबर नोंदवून घ्यावेत, त्यात दोन तरी बायांचे असावेत, आणि संदेश मराठीत व जमेल तिथं गोंडीत यावा. राज्याच्या वन विभागाला आपण एवढं लेखी कळवावं, ही विनंती.

आपला,
एक ग्रामसभा सदस्य
कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली