आत बसलेला माणूस वेळ कशाला काढेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शिक्षा झालेले आरोपी मुद्दाम उशिरा अपील करून वेळ काढतात’ हे आपल्या कालच्या अंकातलं वाक्य वाचलं आणि हातातला चहा गार झाला. लिहिणाऱ्यांना एकच विचारतो. जो आधीच नाशिकरोडच्या तुरुंगात आत आहे, त्याने वेळ काढून मिळवायचं काय? आणखी दोन महिने आतला वरणभात?

बांधावरच्या मारामारीत माझ्या चुलतभावाला सेशन कोर्टाने शिक्षा दिली. हायकोर्टात अपिलाला मुदत ६० दिवस. इथल्या वकीलसाहेबांनी वकीलपत्र घेतलं, फी घेतली, ‘कागद मुंबईला गेलेत’ म्हणून सांगितलं. दर सोमवारी मी सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून विचारायला जायचो. एकदा सुट्टी, एकदा त्यांचा कारकून, म्हणजे मुनशी, गावाला, एकदा साहेब आर्ग्युमेंटला उभे. निकालाच्या नकलेला लागतील ते दिवस मुदतीतून वजा होतात, काका, काळजी नको, असंही समजावलं. होतात, खरंच होतात. पण त्यासाठी आधी नकलेचा अर्ज करावा लागतो! तो केला होता ७१व्या दिवशी. नकलेच्या मागच्या शिक्क्यात अर्जाची तारीख असते. चष्मा पुसून तीनदा वाचली.

मग मुंबईचे वकील म्हणाले, उशिराचं कारण प्रतिज्ञापत्रावर द्या, दिवसांचा हिशेब लागेल. मुनशी गावाला गेला होता असं लिहू? शेवटी त्यांनीच ‘अज्ञानामुळे’ असं टाईप करून आणलं. ३० वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाने त्या अज्ञानाखाली सही केली.

दिवसादिवसाचा खुलासा मागता, मग तासातासाचा का नको, असं सुप्रीम कोर्टानेच १९८७ मध्ये सुनावलेलं आहे. आणि कैद्याला तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येतं, हे आम्हाला कळलं ते उशीर माफ होऊन अपील दाखल झाल्यावर. वेळकाढूपणावर तीन कॉलम लिहिलेत, त्यात ही एक ओळ बसली असती.

जाता जाता. त्याच पानावर शीर्षक आहे ‘अपील फेटाळला’. बातमीत फेटाळलाय तो विलंबमाफीचा, म्हणजे उशीर माफ करा म्हणणारा, अर्ज. अपील कोणी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. शिवाय ते अपील असतं, तो अपील नव्हे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पंचवटी, नाशिक