लेकराची भूल कधी उतरणार ते आईबापाला सांगा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझ्या नातवाचं हर्नियाचं ऑपरेशन बेळगावात झालं, वय 4, वजन 14 किलो. ऑपरेशन झक्कास झालं, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. दुपारी 3 ला डिस्चार्ज मिळाला, जांबोटीच्या पुढं आमचं गाव, गाडीत पोर हसतंय खेळतंय, आम्ही म्हटलं चला सुटलो, आणि घरी टेकतोय न टेकतोय तोवर जे रडायला लागलं ते काय विचारू नका. मोबाईलला रेंज नाही, हातात फक्त पॅरासिटामॉलची बाटली, ती पण "दुखलं तर पाजा" एवढंच सांगून दिलेली.

टाके दाखवायला गेलो तेव्हा भुलीच्या डॉक्टरांना गाठलंच. माणूस चांगला, नीट बसवून सांगितलं. पोर पूर्ण भुलीत झोपलेलं असतानाच माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात, त्याला कॉडल म्हणतात, त्यानं कंबरेखालचं दुखणं साधारण 4 ते 6 तास कळत नाही. म्हणजे ते हसणं खेळणं सगळं औषधाचं होतं बघा! त्या इंजेक्शनात बधिर करायची औषधं दोन प्रकारची असतात, आमच्याला रोपिव्हाकेन दिलेलं, शेजारच्या बेडवरच्या निपाणीच्या पोराला ब्युपिव्हाकेन. त्या पोराचे पाय बराच वेळ जड होते, आई बिचारी पाय गेले की काय म्हणून घाबरलेली, आमचा तोवर उभा राहून बिस्किट मागत होता. दुखणं थांबवायला दोन्ही जवळजवळ सारखीच म्हणे, फरक पायातल्या ताकदीचा आणि हृदयाचा. चुकून जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर ब्युपिव्हाकेन हृदयाला जास्त घट्ट धरतं, 1979 सालीच एका अमेरिकन डॉक्टरनं त्याबद्दल सावध केलेलं, पुढं 90 च्या दशकात रोपिव्हाकेन बाजारात आलं. ते महाग पडतं. ब्युपिव्हाकेन जुनं, स्वस्त, आणि मापात दिलं तर चांगलंच काम करतं. पण माप बारीक हो, 0.25 टक्क्याचं किलोमागे 1 मिली दिलं की 2.5 मिलिग्रॅम झाले, तीच जवळपास वरची हद्द. रोपिव्हाकेन 0.2 टक्क्याचं तेवढंच दिलं तर 2 होतात आणि हद्द 3 ची, म्हणजे थोडी जागा राहते. म्हणून पोराचं वजन अंदाजानं सांगू नका, काट्यावरच करा.

अजून एक. वॉर्डात सिस्टरनं नातवाला विचारलं, "नोवु इदेया?" म्हणजे दुखतंय का. आमच्या खेड्यातल्या पोराला कन्नड कुठनं कळणार, मान हलवली, कागदावर लिहिलं दुखत नाही. सिस्टरची चूक नाही, पण हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तो तक्ता असतो की, पोर बोट ठेवून दाखवतं, त्याला ना कन्नड लागतं ना मराठी.

औषध कुठलं वापरायचं ते डॉक्टरांनी ठरवावं, त्यात आम्ही काय बोलणार. पण इंजेक्शन किती वाजता दिलं, असर कधी उतरणार आणि सिरपचा पहिला डोस त्याच्या आधी कधी पाजायचा, हे डिस्चार्जच्या कागदावर कन्नड-मराठी दोन्हीत लिहा. नातवाला इंजेक्शन 11 ला दिलेलं. हे आधी कळलं असतं तर डॉक्टरांना विचारून बेळगाव सोडायच्या आधीच पाजलं असतं.

— एक आजोबा, ता. खानापूर