वाळवंटातली दिव्यांची कला

संपादक महोदय,

माणूस जवळ येताच उजळणारी शिल्पे थरच्या वाळवंटात उभारू पाहणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यांनी पीआयआर सेन्सरवर (उष्णतेवरून माणसाची चाहूल घेणाऱ्या उपकरणावर) विसंबू नये. तो शरीर आणि परिसर यांच्या तापमानातला फरक टिपतो. संध्याकाळीही परिसर ३७ अंशांच्या आसपास तापलेला असेल, तर समोरचा माणूस त्याला नीट दिसत नाही. रेडिओ लहरींनी हालचाल ओळखणारा रडार सेन्सर घ्यावा, फक्त त्याच्यासमोर वाऱ्याने हलणारे कापड नको.

५ व्होल्टच्या, प्रत्येकी ६० मिलिअँपिअर घेणाऱ्या ३०० एलईडींची पट्टी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात १८ अँपिअर ओढते. वीज एकाच टोकाला जोडली की दुसरे टोक तांबूस पडते. दोन्ही टोकांना आणि मध्येही जोडावी.

सर्किट थंड ठेवायला पंखा अजिबात लावू नये! तो बारीक धूळ आत खेचतो. सर्किट घट्ट बंद होणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत घालून ती सावलीत ठेवणे उत्तम.

– इलेक्ट्रॉनिक कलेचे काही कारागीर, नाशिक