संध्याकाळचा आजार

तासगाव

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "बाबा, आईचा आजार कळायला दोन वर्षं लागली, तुम्ही करत काय होतात?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

आईची फाईल पुन्हा उघडून बघितली. थायरॉईड तीनदा, बी-१२ ची इंजेक्शनं, मेंदूचा एमआरआय. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की मला हायसं वाटायचं आणि तिचं तोंड उतरायचं. एकाने तर "टेन्शन घेता का?" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. त्या गोळीने ती आणखीच गळाली. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तेही झालं.

खरं सांगू? मलाही तिचं पटत नव्हतं. सकाळी हीच बाई पाणी भरते, अंगण झाडते आणि संध्याकाळी वेणी घालायला हिचे हात वर राहत नाहीत? जेवताना अर्ध्या भाकरीनंतर हनुवटीला हात लावून चावायची. "मालिका लागली की बरी दमतेस," असं मी एकदा बोलून गेलो. ती काही बोलली नाही. ते न बोलणं अजून टोचतं.

गेल्या वर्षीची एक संकष्टी आठवते. ताम्हन घेऊन गच्चीवर गेली आणि म्हणाली, "अहो, आज दोन चंद्र दिसतायत." आम्ही हसलो. मग तिने एक डोळा मिटला, "आता एकच आहे." दुसरा मिटला, तरी एकच. मी तिला नवा चष्मा करून दिला. हा तिसरा.

चौथ्या चष्म्याला गेलो त्या बाईंचा दवाखाना नशिबाने संध्याकाळचा होता. त्यांनी चष्म्याकडे बघितलंच नाही. आईला छताकडे टक लावून बघायला सांगितलं. मिनिटभरात डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आली. मग रबरी हातमोज्यात बर्फ भरून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. बर्फ काढला तर पापणी वर! मी खुर्चीवरून उठलोच. आजवरच्या सगळ्या तपासण्या सकाळी दहा ते बाराच्या ओपीडीतल्या, आणि सकाळी ती धडधाकट. आजार संध्याकाळी यायचा, त्या वेळी त्याला बघायला मी एकटाच होतो.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस, वापरले की स्नायू लवकर थकतात. पुढे मिरजेला न्यूरोलॉजिस्टने रक्तातल्या अँटिबॉडीज तपासून खात्री केली. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे कधी कधी गाठ निघते म्हणून सीटी स्कॅन केला. गाठ नाही.

माझ्या भाषेत सांगतो, तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. मी डबल बेल दिली की ड्रायव्हर गाडी काढणार. इथे मेंदू बेल देतोय, पण स्नायूंच्या कानात बोळे बसलेत. शरीरानेच आपल्याविरुद्ध बनवलेले, त्याच त्या अँटिबॉडीज. पहिल्या दोन-चार बेल ऐकू येतात, मग कमी कमी होत जातात. विश्रांती मिळाली की पुन्हा ऐकू येतात. या आजारावरची गोळी बोळे काढत नाही, बेलचा आवाज जास्त वेळ टिकवते. अर्ध्या-पाऊण तासात तिला फरक पडतो, तीन-चार तासांनी ओसरतो. बोळे कमी करायची औषधं वेगळी, त्यांना महिने लागतात. डॉक्टर सांगत होते, १९३४ साली लंडनमध्ये मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरणीला हा आजार बाणाला लावायच्या क्युरारे विषाच्या बाधेसारखा वाटला, म्हणून तिने त्या विषावरचा उतारा देऊन बघितला आणि तो लागू पडला. तिनेही नुसतं नीट बघितलंच होतं की.

आई आता गल्लीत ऐटीत सांगते, "अमिताभला झालेला, तोच!" सांगू दे.

तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवली आहे. काही अँटिबायोटिक्स आणि मॅग्नेशियमची इंजेक्शनं न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. गिळताना ठसका लागू लागला किंवा श्वास अपुरा वाटला तर वाट न बघता हॉस्पिटल. तूही फोटो काढून ठेव.

आणि एक. तू रोज सकाळी ऑफिसला निघताना फोन करतेस, तेव्हा ती खणखणीत बोलते. आता रात्री आठला करत जा. आवाज नाकातून येईल, शब्द घसरतील, ती "ठेवते गं" म्हणेल. लगेच ठेवू नकोस.

तुझे,
बाबा