आधी वाचा, मग रागवा

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, दात काढायची तुमची शुक्रवारची वेळ मी फोन करून पुढे ढकलली आहे. आणि दिवाळीपर्यंत तुम्ही दोघांनी पुण्यात राहायचं, हेही ठरवून टाकलंय. विचारलं असतं तर "बघू" म्हणाला असतात. आप्पाकाकांच्या वेळीही सगळे बघूच म्हणत होते.

दातासाठी क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या, तुम्ही आपल्या मनानेच थांबवल्यात, हे कळलं. (आईला बोलू नका, मीच खोदून विचारलं.) हिरड्यांतून रक्त येतं, दंड काळानिळा होतो, जीव कंटाळतो, सगळं समजतं. पण रक्तवाहिनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत राहतात, म्हणून प्लेटलेट (गुठळी धरणारे रक्तातले बारीक कण) भिंतीला चिकटत नाहीत. गुठळी धरलीच तर ती विरघळवायला लागणारं द्रव्यही त्याच सोडतात. तुमच्या हृदयाच्या वाहिनीत बसवलेल्या स्टेंटच्या जाळीवर हे अस्तर अजून नीट चढलेलं नसणार. स्टेंटवर लावलेल्या औषधाने वाहिनी पुन्हा अरुंद होत नाही, पण अस्तरही सावकाश धरतं. तोवर प्लेटलेट तिथे जमू न देणं हे गोळ्यांचं काम. घराच्या गिलाव्याला तुम्ही रात्री उठून पाणी मारायचात, तेव्हा कुठे घाई केली होती?

आणि "अ‍ॅस्पिरिनची ७५ची एवढीशी गोळी काय करणार" म्हणता ना? प्लेटलेटला केंद्रक नसतं. गुठळीला मदत करणारं, अ‍ॅस्पिरिनने बंद पाडलेलं एन्झाइम तिला पुन्हा तयार करता येत नाही. आठ-दहा दिवसांचं तिचं आयुष्य तसंच सरतं. अस्तराच्या पेशी मात्र नवं तयार करतात. म्हणून एवढीशी पुरते.

इथे तुमचा कडक गादीचा पलंग खिडकीपाशी लावलाय. पाचचा चहा मी स्वतः करीन. आई, देव्हाऱ्यासाठी पूर्वेचा कोपरा रिकामा केलाय, आणि भाकरीचं पीठ गिरणीतूनच आणते. मला ताप आला की बाबा रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायचे. आता थोडं मला करू द्या ना.

तर, दोन्ही गोळ्या आजपासून पुन्हा सुरू, पण आधी आत्ताच हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून मधे किती दिवस चुकल्या ते सांगा. दाताचं काय करायचं तेही तेच ठरवतील. मऊ ब्रश वापरा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही. शौचाला काळं झालं तर लगेच कळवा. छातीत दुखलं तर माझ्या फोनची वाट न बघता १०८ लावा. आई, मिश्री बंद म्हणजे बंद, तुझ्याही वाहिन्यांना तेच अस्तर आहे.

रविवारी गाडी घेऊन येते. फाइल आणि औषधांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा.

तुमची,
छोटी